भूकंप हैतीत, स्वयंसेवक जगभर: एकमेकांना न ओळखणारी माणसं एकच नकाशा कसा बनवतात?

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. तुमच्या व्हॉट्सॲपवरही तेव्हा ती यादी आली असेल. कुठल्या रुग्णालयात खाट रिकामी आहे, ऑक्सिजन सिलिंडर कुणाकडे मिळेल, प्लाझ्मासाठी कुणाला फोन करायचा. यादी बनवणाऱ्याचा हेतू चांगला होता, पुढे पाठवणाऱ्याचाही. पण नंबर फिरवले की कळायचं, कुणी फोन उचलत नाही, कुणाचा बंद आहे, तर कुणी सांगतं की खाट परवाच भरली. आणि तीच यादी संध्याकाळी दुसऱ्या ग्रुपवरून पुन्हा यायची.

मग काही गटांनी एक साधी गोष्ट केली. प्रत्येक नंबरवर स्वतः फोन करायचा आणि त्यापुढे लिहायचं, 'अमुक तारखेला, अमुक वाजता तपासलं.' एवढ्या एका ओळीने यादी कामाची व्हायची.

इथेच एक मोठा प्रश्न दडलेला आहे. मदतीची इच्छा असलेली हजारो माणसं वेगवेगळ्या गावांत बसलेली असतात. त्यांचा कुणी साहेब नसतो, त्यांना पगार नसतो आणि ती एकमेकांना ओळखतही नसतात. त्यांच्या धडपडीतून काही उपयोगी उभं राहणार की नुसता गोंधळ होणार, हे कशावर ठरतं? गेली काही वर्षं संशोधक याचा अभ्यास करत आहेत. आणि त्यातलं एक गाजलेलं उदाहरण आहे एका नकाशाचं.

सुरुवात झाली हैतीपासून

१२ जानेवारी २०१०. कॅरिबियन बेटांमधल्या हैती या छोट्या देशात संध्याकाळी पाचच्या सुमारास ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा मोठा भाग कोसळला. जगभरातून बचाव पथकं निघाली, पण तिथे पोचल्यावर जायचं कुठल्या रस्त्याने? शहराचा नीट, सर्वांना वापरता येईल असा नकाशाच उपलब्ध नव्हता. दाट वस्त्यांमधल्या गल्ल्या कुठेच नोंदलेल्या नव्हत्या.

भूकंपानंतर काही तासांतच वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी घरी बसून हा नकाशा काढायला सुरुवात केली. हे लोक होते ओपनस्ट्रीटमॅपचे स्वयंसेवक. उपग्रह कंपन्यांनी भूकंपानंतरची छायाचित्रं खुली करून दिली. स्वयंसेवक ती छायाचित्रं स्क्रीनवर उघडायचे आणि दिसणारा प्रत्येक रस्ता, इमारत आणि मोकळ्या जागेत उभ्या राहिलेल्या तंबूंच्या छावण्या गिरवायचे. पुढच्या काही आठवड्यांत ६००हून अधिक लोकांनी यात भाग घेतला. हाच नकाशा मग बचाव पथकांच्या जीपीएस यंत्रांमध्ये भरला गेला.

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे नेमकं काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर, विकिपीडिया जसा कुणीही संपादित करू शकतो, तसा हा जगाचा नकाशा आहे. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला. तेव्हा तिथल्या सरकारी नकाशांची माहिती वापरायला पैसे मोजावे लागत आणि परवाने घ्यावे लागत. त्यावर त्यांचा उपाय असा, की लोकांनीच फिरून, मोजून, नोंदून स्वतःचा नकाशा तयार करावा आणि तो सगळ्यांना मोफत वापरू द्यावा.

या नकाशाची रचना अगदी साधी आहे. एक बिंदू म्हणजे एखादी विहीर, दवाखाना किंवा बसथांबा. बिंदू जोडले की रेषा होते, म्हणजे रस्ता किंवा नदी. रेषा फिरून सुरुवातीच्या बिंदूला मिळाली की इमारत किंवा तळं. मग प्रत्येक गोष्टीला माहितीच्या चिठ्ठ्या जोडायच्या: हा रस्ता डांबरी आहे, ही शाळा आहे, हिचं नाव हे. इतकं सोपं असल्यामुळेच नवखा माणूसही थोड्या वेळात कामाला लागू शकतो.

फॉरवर्ड आणि नकाशा यांत फरक काय?

आता पुन्हा २०२१च्या यादीकडे वळू. ती फॉरवर्ड झाली की प्रत्येक वेळी तिची नवी प्रत तयार व्हायची. एखाद्याने आपल्या प्रतीत चुकीचा नंबर काढून टाकला, तरी बाकीच्या शेकडो प्रतींमध्ये तो तसाच राहायचा. यादी कुणी बनवली, कधी बनवली, कुणाला विचारायचं, काहीच कळायचं नाही.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये नकाशाची मूळ प्रत एकच आहे. पुण्यातल्या माणसाने केलेला बदल पॅरिसमधल्या माणसाला तिथेच दिसतो. शिवाय प्रत्येक बदलाचा इतिहास जपलेला असतो. हा रस्ता कुणी काढला, कधी काढला, कशाच्या आधारे काढला, त्याआधी इथे काय होतं, हे सगळं पाहता येतं. कुणी चूक केली किंवा मुद्दाम खोडसाळपणा केला, तर जुनी नोंद परत आणता येते.

विश्वासाचा प्रश्न यामुळे वेगळ्या पद्धतीने सुटतो. समोरचा माणूस भला आहे की नाही हे तुम्हाला माहीत असण्याची गरज उरत नाही. त्याचं काम सगळ्यांसमोर आहे, ते तपासता येतं आणि बिघडलं तर दुरुस्त करता येतं, एवढं पुरतं.

मग हैतीत अडचण कुठे आली?

अडचण आली ती गर्दीची.

समजा, दोन स्वयंसेवकांनी एकाच वेळी एकच जुना रस्ता दुरुस्त करायला घेतला. आधीच्याचा बदल जतन झाला की रस्त्याच्या नोंदीला नवा क्रमांक मिळतो. दुसरा माणूस आपला बदल पाठवतो, तेव्हा त्याच्याकडची नोंद जुनी आहे हे सर्व्हरच्या लक्षात येतं आणि तो त्याला थांबवतो. म्हणजे इथे यंत्रणा सावध आहे.

पण समजा, रिकाम्या नकाशावर एकच नवं घर दोघांनीही एकाच वेळी काढलं. आता सर्व्हरच्या दृष्टीने या दोन वेगळ्या, नव्या गोष्टी आहेत. तो दोन्ही स्वीकारतो आणि नकाशावर एकावर एक दोन घरं उभी राहतात. हैतीचा नकाशा बराचसा रिकामाच होता आणि लोक तर एकाच शहरावर तुटून पडले होते. त्यामुळे एका भागात दुहेरी काम होई आणि शेजारचा भाग कोराच राहू शके.

लग्नघरातलं दृश्य आठवा. सगळ्यांना मदत करायची असते, म्हणून दहा जण वाढायला उभे राहतात आणि पाण्याकडे कुणीच बघत नाही. मनुष्यबळ कमी नसतं, वाटणी झालेली नसते.

चौकोनांची युक्ती

हैतीच्या अनुभवातून ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था २०१० मध्येच रीतसर उभी राहिली. तिला थोडक्यात 'हॉट' म्हणतात. या संस्थेने पुढे टास्किंग मॅनेजर नावाचं साधन तयार केलं. त्यामागची कल्पना शाळकरी पोरालाही समजेल अशी आहे.

ज्या भागाचा नकाशा हवा, त्यावर चौकोनांची जाळी टाकायची. स्वयंसेवकाने एक चौकोन निवडला की तो त्याच्या नावावर बंद होतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो उचलता येत नाही. काम झालं की 'पूर्ण' अशी खूण करायची आणि चौकोनाचा रंग बदलतो. मग दुसरा, जास्त अनुभवी स्वयंसेवक तोच चौकोन तपासतो. बरोबर असेल तर मान्य करतो, नसेल तर काय राहिलं ते लिहून परत पाठवतो.

यातल्या छोट्या सोयीही विचार करून केलेल्या आहेत. कुणी चौकोन घेऊन जेवायला गेला आणि परत आलाच नाही, तर ठरावीक वेळेनंतर तो आपोआप मोकळा होतो. घरं फार दाट असतील, तर एका चौकोनाचे चार तुकडे करता येतात. छायाचित्रात ढग असल्यामुळे काहीच दिसत नसेल, तर तशी नोंद करून पुढे जाता येतं. आणि प्रत्येक कामाच्या सुरुवातीलाच सूचना असतात: फक्त रस्ते काढा, किंवा फक्त इमारती काढा.

या सगळ्यात स्वयंसेवकाला बैठक घ्यावी लागत नाही, कुणाची परवानगी मागावी लागत नाही, कुणाशी बोलावंही लागत नाही. कुठे काम झालंय आणि कुठे बाकी आहे, हे रंगच सांगतात. अर्धा तास असेल तर एक चौकोन, रविवार मोकळा असेल तर वीस.

संशोधन काय सांगतं?

नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपिन्सवर हैयान नावाचं महाभयंकर चक्रीवादळ धडकलं. तिथे त्याला योलांडा म्हणतात. या वेळी नकाशासाठी दीड हजारांहून अधिक स्वयंसेवक पुढे आले, म्हणजे हैतीच्या दुपटीहून जास्त. गर्दी वाढली म्हणजे गोंधळही वाढायला हवा होता.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधक लेसिया पेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन आपत्तींमधल्या कामाची तुलना करणारा शोधनिबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. स्वयंसेवक एकमेकांच्या कामावर कितपत आदळले, हेही त्यांनी त्यात तपासलं. माणसं वाढूनही काम निभावलं, कारण मधल्या तीन-चार वर्षांत काम वाटून देण्याची पद्धत आणि साधनं सुधारली होती, आणि ती चालवणारी अनुभवी मंडळीही तयार झाली होती. हा शेवटचा मुद्दा सहज नजरेतून सुटतो. चौकोन आपोआप पडत नाहीत. कुठला भाग आधी घ्यायचा, सूचना काय द्यायच्या, नवख्याच्या चुका कशा सांगायच्या, हे माणसंच ठरवतात.

दुसरा अभ्यास लंडनचा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधले संशोधक मुकी हक्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक मजेशीर प्रश्न विचारला होता. एखाद्या भागाचा नकाशा चांगला व्हायला किती स्वयंसेवक लागतात? त्यांनी ओपनस्ट्रीटमॅपमधले रस्ते आणि ब्रिटनच्या सरकारी नकाशातले रस्ते ताडून पाहिले. अचूकतेत सगळ्यात जास्त भर पहिल्या पाच जणांमुळे पडते, असं त्यांना दिसलं. त्यापुढे माणसं वाढत गेली, तरी फायदा त्याच प्रमाणात वाढत नाही.

हे दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होतं. एका जागी पाचशे जण गोळा झाले, तर त्यातले बरेचसे वाया जातात. तेच पाचशे जण शंभर जागी पाच-पाच वाटले, तर शंभर जागांचं काम चांगलं होतं. ही वाटणी करून देणं हेच तंत्रज्ञानाचं खरं काम.

पण आकाशातून सगळं दिसतं का?

नाही. आणि इथे स्वयंसेवकांनाही ठेच लागली आहे.

हैयान वादळानंतर त्यांना रस्ते आणि इमारती काढण्याबरोबरच कुठल्या इमारतींचं किती नुकसान झालंय, हेही छायाचित्रं पाहून नोंदवायला सांगितलं गेलं. नंतर अमेरिकन रेड क्रॉस आणि रीच या संस्थांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी केली. तेव्हा इमारत कुठे आहे ही माहिती उपयोगी ठरली, पण तिच्या नुकसानीच्या नोंदींवर विसंबता येईना. कारण उघड आहे. वरून फक्त छप्पर दिसतं. भिंती तडकल्या असतील, पाणी घरातून वाहून गेलं असेल, तरी छप्पर जागेवर असलं की घर शाबूत वाटतं.

छायाचित्रात रस्त्याचं नावही दिसत नाही. ही मोठी इमारत शाळा आहे, दवाखाना आहे की गोदाम, हे कळत नाही. पूल दिसतो, पण त्यावरून ट्रक जाईल की फक्त मोटरसायकल, हे तिथलाच माणूस सांगू शकतो. म्हणूनच हैतीत पुढच्या काळात हॉटचे लोक प्रत्यक्ष गेले आणि त्यांनी स्थानिकांना नकाशा काढायला शिकवलं.

नेपाळची तयारी

हा धडा सगळ्यात चांगला दिसला तो आपल्या शेजारच्या नेपाळमध्ये.

नामराज बुढाथोकी हे नेपाळी संशोधक. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये लोक फुकट काम का करतात, या विषयावर त्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात पीएचडी केली. नेपाळमध्ये परतल्यावर ते तरुणांना सोबत घेऊन काठमांडू खोऱ्याचा नकाशा करण्याच्या कामाला लागले. जागतिक बँकेच्या एका प्रकल्पात त्यांच्या गटाने दोन हजारांहून अधिक शाळांची आणि शेकडो आरोग्य केंद्रांची माहिती नोंदवली. भूकंपात कुठल्या इमारती टिकतील, याचा अंदाज घ्यायला ती हवी होती. याच कामातून २०१३ मध्ये काठमांडू लिव्हिंग लॅब्ज ही संस्था उभी राहिली.

आणि २५ एप्रिल २०१५ला, शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास, नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळपास ९,००० माणसं दगावली.

या वेळी नकाशा कोरा नव्हता. जगभरातले ६,०००हून अधिक स्वयंसेवक रस्ते, पायवाटा, डोंगरातल्या वस्त्या आणि तात्पुरत्या छावण्या काढत होते. काठमांडूतला गट त्यांना सांगत होता की आधी कुठला भाग घ्या, इथल्या खेड्यात घरं कशी असतात, कशाला काय म्हणतात. लोकांकडून मदतीच्या मागण्या घेऊन त्या नकाशावर मांडण्याचं कामही याच गटाने केलं. हात दूरदेशीचे होते, पण काम कुठे आणि कसं करायचं हे सांगणारी माणसं तिथलीच होती.

भाषा आणि खासगीपणा

हैतीतलीच आणखी एक गोष्ट सांगायला हवी. भूकंपानंतर तिथे ४६३६ हा छोटा क्रमांक जाहीर झाला. अडकलेल्यांनी, जखमींनी, पाणी नसलेल्यांनी त्यावर एसएमएस करायचा. मेसेज यायचे हैतीयन क्रिओल भाषेत आणि बाहेरून आलेल्या बचाव पथकांतल्या अनेकांना ती येत नव्हती. तेव्हा अमेरिका, कॅनडा आणि इतर देशांत राहणारे हैतीचे लोक पुढे आले. ते ऑनलाइन मेसेजचा अनुवाद करायचे आणि त्यातली जागा ओळखून द्यायचे. 'चर्चच्या मागे, मोठ्या झाडापाशी' असा पत्ता कळायला भाषा यावी लागते, आणि गावही माहीत असावं लागतं.

पण या कामातून एक गंभीर प्रश्नही पुढे आला. मदत मागणाऱ्याचं नाव, फोन नंबर, ठिकाण सगळ्यांना दिसेल असं मांडायचं का? अडचणीतल्या माणसाला त्यामुळे त्रास होऊ शकतो. अनुवादाच्या कामाचं संयोजन केलेले रॉबर्ट मन्रो यांनीच पुढे अशा खुल्या मांडणीवर टीका केली. रस्ता सगळ्यांचा असतो, तो उघड असावा. माणसाची माहिती त्याची स्वतःची असते. २०२१मध्ये आपल्याकडेही रुग्णांची नावं आणि नातेवाइकांचे नंबर ग्रुपवर फिरत होते, हे आठवलं की मुद्दा पटतो.

मग आपण काय करू शकतो?

आपत्ती येईपर्यंत थांबायचं नाही, हा पहिला धडा. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झालेला मिसिंग मॅप्स हा उपक्रम हेच करतो. अमेरिकन आणि ब्रिटिश रेड क्रॉस, मेदसां साँ फ्राँतिए ही डॉक्टरांची संस्था आणि हॉट यांनी मिळून तो सुरू केला. ज्या भागांचे नकाशेच नाहीत, तिथले नकाशे संकट येण्याआधी तयार करायचे. ब्राउझर आणि इंटरनेट असलेला कुणीही त्यात एक चौकोन उचलू शकतो.

दुसरं काम आपल्या गावातलं आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकाच ठिकाणाचं नाव वेगवेगळ्या भाषांत नोंदवायची सोय आहे आणि त्यात मराठीसाठी वेगळा रकाना आहे. आपली वाडी, ओढा, पाझर तलाव, आरोग्य उपकेंद्र नकाशावर आहे का, त्याचं नाव बरोबर लिहिलंय का, हे पाहायला पाच मिनिटं लागतात. ओढ्याला पूर आला की पलीकडे जायची वाट कुठली, हे उपग्रहाला माहीत नसतं. तुमच्या आजोबांना असतं.

आणि तिसरं काम मोबाइलवरचं. पुढच्या वेळी एखादा मदतीचा ग्रुप काढलात, तर चार गोष्टी आधी ठरवा. यादी एकच ठेवायची आणि फॉरवर्ड करायची ती तिची लिंक. कुणी काय करायचं ते वाटून घ्यायचं. प्रत्येक नोंदीपुढे तपासल्याची वेळ लिहायची. आणि लोकांची खासगी माहिती गरजेपुरत्याच लोकांना दाखवायची.

हैतीच्या वेळी हे सगळं चुका करत शिकावं लागलं. आपल्याला ते आयतं मिळालंय. तेव्हा आज आपल्या गावचा नकाशा उघडून पाहा. तिथे दवाखाना दिसत नसेल, तर तुमचा पहिला चौकोन तोच.